साहेबांच्या शेजारी, पट्टा बांधून

मराठी मनुष्य परीक्षेला भीत नाही, असे म्हणण्यास फारसा प्रत्यवाय नसावा. बालवर्गाच्या प्रवेशापासून लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीपर्यंत त्याचे अर्धे आयुष्य स्वतःच्या परीक्षा देण्यात आणि उरलेले अर्धे मुलांच्या परीक्षांची काळजी वाहण्यात जाते. आणि प्रत्येक परीक्षेपूर्वी 'अपेक्षित प्रश्नसंच' या नावाचे, स्वस्त कागदावर छापलेले एक पुस्तक त्याच्या हाती पडते, ज्यातले प्रश्न आले तर तो स्वतःच्या बुद्धीचे कौतुक करतो आणि न आले तर प्रकाशकाच्या नावाने खडे फोडतो. अशा या परीक्षाकुशल समाजात मोटार चालविण्याची प्रात्यक्षिक परीक्षा मात्र अद्याप प्रश्नसंचाविना राहिली आहे. जे ती उत्तीर्ण झाले त्यांना विचारावे, तर "काही नसतं हो, दोन मिनिटांचं काम आहे," एवढे बोलून ते हातातली किल्ली बोटाभोवती फिरवू लागतात. आणि जे अनुत्तीर्ण झाले ते आपण परीक्षेला बसलोच नव्हतो अशी भूमिका घेतात. सेवानिवृत्तीनंतर, म्हणजे ज्या वयात आमच्या वाडवडिलांनी काशीयात्रेचे बेत केले त्या वयात, मला ही सनद मिळविण्याची इच्छा झाली व ती यथावकाश सफलही झाली. फिरवावयास किल्ली आहे परंतु बोटांत तेवढी चपळाई उरलेली नाही, त्यामुळे या विषयावर तपशीलवार लिहिण्याचे काम माझ्याकडे येणे स्वाभाविक आहे.

पहिली गोष्ट ध्यानात ठेवावयाची ती अशी की, ही परीक्षा मैदानावर सुरू होत नाही. ती कागदावर सुरू होते, आणि कागदावर ती जितकी बिकट असते तितकी मैदानावर कधीच नसते. 1988 चा मोटार वाहन कायदा 1 जुलै 1989 पासून अमलात आला, आणि त्यासोबतच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी अर्जांच्या नमुन्यांची एक लांबलचक वंशावळ जन्मास घातली. त्यातील मूळ पुरुष जो नमुना 1, तो अर्जदाराने स्वतःच्या प्रकृतीविषयी स्वतःच द्यावयाचा जबाब आहे. आपणास फेफरे येते काय, अकस्मात भोवळ येते काय, 25 मीटर अंतरावरून स्वच्छ उजेडात मोटारीची नंबरपाटी ओळखता येते काय, आणि तांबडा व हिरवा हे रंग परस्परांपासून वेगळे दिसतात काय, अशी पृच्छा त्यात केलेली असते. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या प्रांतात एकमुखाने होकारार्थी येते, आणि ते खरेही आहे. तांबडा दिवा तांबडा असल्याचे आपल्याला लांबूनच समजते. समजल्यावर पुढे काय करता, हा रकाना मात्र नमुन्यात कोठेही नाही. चाळीस वर्षे पुरी झालेल्या इसमास या जबाबाला डॉक्टरच्या दाखल्याची, म्हणजे नमुना 1-अ ची, जोड द्यावी लागते. आमच्या आळीतल्या डॉक्टरांनी माझ्याकडे चष्म्यावरून एकवार पाहिले, "कोणती गाडी घेतलीत?" एवढाच वैद्यकीय प्रश्न विचारला आणि शिक्का मारला.

शिकाऊ अनुज्ञप्तीसाठी संगणकापुढे बसून 15 प्रश्न सोडवावे लागतात व त्यांपैकी 9 बरोबर आले म्हणजे अर्जदार पार पडतो. हे प्रश्न नीतिपाठाच्या वळणाचे असतात. पांढरी काठी घेतलेली अंध व्यक्ती रस्ता ओलांडत असेल तर चालकाने भोंगा वाजवावा, वेग कमी करून पुढे निघून जावे, की ती काठी हीच थांबण्याची खूण मानून वाहन उभे करावे? पर्यायांची रचना अशी असते की, ज्याने जन्मात स्टेअरिंगला हात लावलेला नाही परंतु ज्याच्यावर लहानपणी बरे संस्कार झाले आहेत, असा कोणीही मनुष्य सहज उत्तीर्ण व्हावा. अडचण येते ती वर्षानुवर्षे गाडी चालवीत आलेल्यांना, कारण ते अनुभवाने उत्तर देतात.

ही पायरी ओलांडली की सरकार आपल्या कपाळी नव्हे, तरी गाडीच्या पुढे व मागे, पांढऱ्या पार्श्वभूमीवर तांबड्या रंगात 'एल' हे अक्षर लावण्याचा हुकूम करते. हे अक्षर किमान 10 सेंटिमीटर उंच, 2 सेंटिमीटर जाड आणि तळाशी 9 सेंटिमीटर रुंद असावे असे नियमात नमूद आहे. ज्या कोणी हा नियम लिहिला त्याचा माणसाच्या सौजन्यावर फार मोठा विश्वास असला पाहिजे. ते अक्षर पाहून मागून येणारे लोक अंतर राखतील, दयाबुद्धीने वागतील, अशी त्याची अटकळ असावी. प्रत्यक्षात ते अक्षर दिसताक्षणी मागील मोटारसायकलस्वाराच्या अंगी एक विलक्षण स्फुरण चढते आणि तो डावीकडून पुढे निघून जाता जाता आत कोण बसले आहे हे वाकून पाहतो. या अक्षराखाली 30 दिवस काढल्यावाचून पक्क्या परीक्षेला बसता येत नाही, आणि सहा महिन्यांत ती दिली नाही तर शिकाऊ अनुज्ञप्तीची मुदत संपते.

या दोन मुदतींच्या मधल्या काळात उमेदवार ज्या पुरुषाच्या स्वाधीन होतो, त्याला मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर म्हणतात. आमचे मास्तर वयाने माझ्या धाकट्या चिरंजीवांएवढे; मला ते 'काका' म्हणत, आणि या संबोधनात जेवढा आदर मावेल तेवढा ठेवून उरलेली जागा ते अधीरतेने भरून काढीत. "काका, क्लच हळू. हळू... अहो, पाय उचलायचा नाही, सोडायचा. हाफ क्लच, काका, हाफ क्लच... झाली बंद." मग ते खिडकीबाहेर पाहत बडीशेप तोंडात टाकीत आणि गाडी पुन्हा सुरू होईपर्यंत एक शब्द बोलत नसत. शासकीय सेवेत उभी हयात घालविलेल्या मनुष्याला हाफ क्लच ही कल्पना पचविणे किती दुर्घट आहे, याची त्या तरुणाला जाणीव असणे शक्य नव्हते. आमच्या खात्यात एखादी गोष्ट धरून ठेवायची तर ती पेन्शनीपर्यंत धरून ठेवायची आणि सोडायची तर बदलीच्या हुकमासरशी एका दुपारी सोडायची, अशी वहिवाट. सोडता सोडता थोडी धरून ठेवणे आणि धरता धरता थोडी सोडणे, ही विद्या आम्हांला ठाऊक असती तर आम्ही कारकून म्हणून न राहता मंत्री झालो असतो.

शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही एक क्लच आणि एक ब्रेक बसविलेला असतो, आणि त्यामुळे सुरुवातीच्या काळात उमेदवाराचा स्वतःविषयी फार अनुकूल ग्रह होतो. आपण मंडईच्या गल्लीतून, हातगाड्या, शाळकरी मुले आणि रस्त्याच्या मधोमध बसलेला बैल या सर्वांना चुकवून सुखरूप बाहेर पडलो, या आनंदात तो घरी येऊन पुरणपोळीची फर्माइश करतो. वस्तुतः त्या वेळी त्याचे पाय केवळ सोबतीला हजर होते. कायद्याने अशा शिकवणीला किमान 21 दिवसांची मुदत आणि प्रत्यक्ष गाडी चालविण्याचे किमान 10 तास ठरवून दिले आहेत. या तासांतच मागल्या उमेदवाराला घरी पोहोचविणे, पुढल्याला घरून उचलणे, मास्तरांच्या कन्येला शाळेत सोडणे व त्यांच्या सौभाग्यवतींचे दळण गिरणीत टाकणे ही कार्ये उरकली जातात. याविषयी काही लोक तक्रार करतात. माझे मत निराळे आहे. रिकाम्या माळावर गोल गोल फिरून जे मला कधी आले नसते, ते गिरणीसमोरच्या त्या अरुंद बोळात, पुढून टेंपो आणि मागून रिक्षा अशा अवस्थेत, एका सकाळी आले.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मास्तरांनी मला गाडीत बसवून जो उपदेश केला, तो मी येथे जसाच्या तसा देतो, कारण सबंध अपेक्षित प्रश्नसंच त्यातच आहे. "काका, उद्या गाडी चालवायची नाही. गाडी चालवून दाखवायची. आरशात बघायचं म्हणजे मान हलली पाहिजे. नुसते डोळे हलवलेले साहेबांना दिसत नाहीत. पट्टा बांधायचा तो आवाज येईल असा बांधायचा. वळायचं नसलं तरी वळायच्या आधी जेवढं करतात तेवढं सगळं करायचं." मी विचारले, "आणि गाडी?" ते म्हणाले, "गाडी जाते आपोआप."

या उपदेशाची थोरवी मला केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 15 वाचल्यावर अधिक पटली. वाचकांनी तो मुळातून अवश्य वाचावा. राज्यशास्त्राच्या ग्रंथांतून आदर्श राजाची आणि वैद्यकाच्या ग्रंथांतून आदर्श दाईची लक्षणे येतात, त्याच धर्तीवर त्यात आदर्श सारथ्याची वीसहून अधिक लक्षणे क्रमवार दिलेली आहेत. त्याने निघण्यापूर्वी आरसा जुळवावा. सर्वांत वरच्या गिअरपर्यंत सुरळीतपणे चढावे व परिस्थिती पाहून त्वरेने उतरावे. तीव्र चढावर थांबून, किंचितही मागे न घसरता पुन्हा निघावे. मर्यादित जागेत गाडी उलटी घालावी. इतरांना ओलांडावे तसेच इतरांना स्वतःला ओलांडू द्यावे. पादचारी, सायकलस्वार आणि अन्य चालक पुढच्या क्षणी काय करतील याचा अदमास आधीच बांधावा. आणि चित्त विचलित होऊ न देता रस्त्यावरील इतरांच्या सुरक्षिततेविषयी सौजन्य व आस्था प्रकट करावी. इतरांना ओलांडू द्यावे, हे कलम मी घरी मोठ्याने वाचून दाखविले तेव्हा आमच्या चिरंजीवांनी, ज्यांच्याकडे ही सनद विसाव्या वर्षापासून आहे, असे काही नियमात असेल यावर विश्वास ठेवण्यास साफ नकार दिला.

अर्ज दाखल करण्याच्या संगणकीय व्यवस्थेला सरकारने 'सारथी' असे नाव दिलेले आहे, आणि रांगेत उभा असताना माझ्या मनात सहजच विचार आला की, महाभारतातील मंडळींपैकी नियम 15 च्या कसोटीला कोण उतरले असते? द्रोणाचार्यांनी झाडावरचा कृत्रिम पक्षी दाखवून शिष्यांची परीक्षा घेतली, तेव्हा झाड, फांद्या, भाऊ आणि आचार्य असे सर्व काही दिसणाऱ्या शिष्यांना त्यांनी मागे सारले व पक्ष्याच्या मस्तकावाचून काहीही न दिसणाऱ्या अर्जुनाला शाबासकी दिली. परिवहन खात्यात हा निकाल उलट लागला असता. समोरच्या एकाच बिंदूवर खिळलेली अर्जुनाची दृष्टी पाहून साहेबांनी 'आरशाचा वापर नाही' असा शेरा मारला असता. आणि ज्याला झाडही दिसते, भाऊही दिसतात व शेजारी बसलेले आचार्यही विसरता येत नाहीत, असा युधिष्ठिर पहिल्या खेपेस पार पडला असता. प्रत्यक्ष श्रीकृष्णांविषयी लिहावयास लेखणी धजत नाही. तथापि, रथ दोन सैन्यांच्या मधोमध उभा करून मागे बसलेल्या गृहस्थाशी अठरा अध्याय संभाषण करणे, हे 'चित्त विचलित होऊ न देणे' या कलमात कसे बसवावयाचे, याचा खुलासा एखाद्या विद्वान निरीक्षकानेच करावा.

आता प्रत्यक्ष मैदान. पुण्यात नाशिक फाट्याजवळ चारचाकीच्या परीक्षेसाठी चढ, आठ आणि अक्षरांच्या आकाराचे आखीव मार्ग बांधलेले आहेत. लहान ठिकाणी बहुधा कार्यालयामागचे एक पटांगण, त्यात चुन्याची फक्की टाकून काढलेला आठाचा आकडा, कडेला एक कडुनिंब, त्याखाली खुर्ची आणि खुर्चीत खाकी पोशाखातले मोटार वाहन निरीक्षक, असा सरंजाम असतो. फाटकाबाहेर टेबले मांडून बसलेली मध्यस्थ मंडळी "काका, लायसनचं का? फॉर्म भरून देऊ?" असे विचारीत चार पावले बरोबर चालतात. त्यांना नम्रपणे नकार देऊन आत शिरलेल्या उमेदवाराला सर्वप्रथम जे दिसते त्याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. पटांगणात पन्नास माणसे गाडी चालविण्याचा परवाना मागावयास आलेली असतात. आणि त्यांपैकी बहुतेक सर्व गाडी चालवीत आलेली असतात. कोणी तरी परवानाधारक मागे बसून आल्याचा देखावा थोडे लोक करतात. साहेब हे सर्व पाहत असतात. आणि गाडी येथवर कशी आली, हा प्रश्न ते विचारीत नाहीत, कारण तो विचारला तर परीक्षा बरखास्त करून घरी जाण्यावाचून दुसरा मार्ग राहणार नाही.

दुचाकीची परीक्षा आधी होते. तिला शिरस्त्राण सक्तीचे आहे आणि पन्नास उमेदवारांत ते कोणातरी एकाकडे असते. पंगतीत तुपाची वाटी फिरावी तसे ते एका मस्तकावरून दुसऱ्या मस्तकावर फिरू लागते. मी ते जवळून पाहिले. मूळचा काळा रंग कडेने पांढुरका झालेला, आतील स्पंज एका बाजूने सुटून लोंबणारा, हनुवटीखालच्या पट्ट्याची कडी तुटलेली म्हणून त्याला सुतळीची गाठ, आणि आत खोबरेल, जाई आणि घाम यांचा एक सार्वजनिक सुवास. महाविद्यालयीन तरुणाच्या कानांवर ते घट्ट बसे, त्याच्यामागून आलेल्या काकूंच्या अंबाड्यावर ते अधांतरी राही, आणि एका कृश गुरुजींच्या मस्तकावर ते असे फिरे की, आठाच्या दुसऱ्या वळणावर त्यांचे तोंड पुढे आणि शिरस्त्राणाचे तोंड उजवीकडे, अशी स्थिती झाली. गुरुजी पार पडले.

या आठाच्या आकड्याची लोक उगाच थट्टा करतात. रस्त्यावर आठ कोठे असतो, असा त्यांचा सवाल असतो. परंतु ज्याने तो योजला त्याला दुचाकीचे मर्म कळलेले होते, यात मला संदेह नाही. दुचाकी वेगात असली की बव्हंशी आपला तोल आपणच सांभाळते; वेग काढून घेतला की मग खरा चालक उघडा पडतो, आणि आठ हा वेग काढून घेण्याचाच कावा आहे. सलग डावे वळण, मधला छेद, सलग उजवे वळण, आणि या सर्वांत पाय जमिनीला लागता कामा नये. त्यामुळे महामार्गावर ऐंशीच्या गतीने जाणारे, केसांना तेल न लावणारे तरुण येथे धडाधड पाय टेकतात; आणि ज्या काकूंनी आयुष्यात पंचविसापुढे काटा नेलेला नाही, पुढच्या जागेत भाजीची पिशवी व मागे नात घेऊन गर्दीतून वाट काढण्याची ज्यांना सवय आहे, त्या न डगमगता आठ पुरा करून, वर "आणखी एक मारू का?" असे साहेबांना विचारतात.

चारचाकीच्या रांगेत माझ्यापुढे एक शेतकरी गृहस्थ होते. धोतर, टोपी, कपाळाला बुक्का. उसाच्या दोन भरल्या ट्रॉल्या ट्रॅक्टरला जोडून कारखान्याच्या आवारात नेण्यात त्यांचे तारुण्य गेले होते आणि आता मुलाने घेतलेल्या मोटारीसाठी ते कागद करावयास आले होते. मला म्हणाले, "मास्तर, रिवर्स घ्यायला लावत्यात म्हनं. एका जुवाला दोन ट्रॉल्या लावून मागं घेतल्यात म्या, गव्हाणीपातूर. एक डावीकडं पळती, दुसरी उजवीकडं. ह्ये खेळणं काय मागं घ्यायचं?" आणि खरोखरच, 'एच' या अक्षराच्या आकाराच्या मार्गात त्यांनी गाडी एका दमात, एकाही काठीला स्पर्श न करता, मान वळवून, एक हात शेजारच्या आसनाच्या पाठीवर टाकून अशी काही उलटी नेली की रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजविल्या. साहेबांनी त्यांना नापास केले. त्यांनी पट्टा बांधला नव्हता, आरशाकडे एकदाही पाहिले नव्हते, आणि जो हात आसनाच्या पाठीवर होता तो साहेबांच्या खांद्यावर होता. आमच्या मास्तरांनी माझ्याकडे अर्थपूर्ण दृष्टीने पाहिले.

आपली पाळी आली म्हणजे काय घडते? साहेब शेजारी येऊन बसतात. मास्तरांची जी जागा, तीच आता साहेबांची. म्हणजे तो दुसरा क्लच आणि तो दुसरा ब्रेक आता साहेबांच्या पायांखाली असतो. येथे मी उमेदवारांस कळकळीने सांगतो की, साहेबांच्या मुद्रेकडे पाहू नये. तीवर काहीही लिहिलेले नसते. त्यांच्या उजव्या पायाकडे लक्ष असावे. तो पाय स्थिर आहे तोवर उमेदवाराचे भवितव्य शाबूत आहे, आणि तो खाली गेला की निकाल लागला, मग पुढे साहेब कितीही गोड बोलोत. "नाव?" "वय?" "घ्या पुढे." पट्टा आवाजासह बांधावा. आरसा जुळलेला असला तरी त्याला बोट लावून तो किंचित बिघडवावा आणि पुन्हा जुळवावा. हँडब्रेक, गिअर, इंडिकेटर, मान उजवीकडे, मान डावीकडे, आणि मग ते अर्धवट सोडणे. चढावर थांबविले तर घाबरून जाऊ नये: हँडब्रेक ओढलेला ठेवून क्लच हळूहळू सोडीत यावे, इंजिनाचा आवाज जड होतो, गाडीचे नाक जरासे वर उचलले जाते, तो क्षण आल्यावर हँडब्रेक सोडावा, त्याआधी सोडल्यास गाडी मागे जाते आणि नंतर सोडल्यास बंद पडते. तो क्षण कोणता, हे पुस्तकात सापडत नाही. तळपायाला कळते.

मधूनच साहेब हातांच्या खुणा विचारतात. उजवीकडे वळावयाचे तर उजवा हात सरळ बाहेर, तळवा पुढे. डावीकडे वळावयाचे तरीही उजवाच हात, परंतु तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवावयाचा. काच बंद करून वातानुकूलित गाडीत बसणाऱ्या पिढीला या विद्येचा उपयोग कोणता, असे कोणी म्हणेल. पण जुन्या विद्यांची अशी हेटाळणी करू नये. उलट परीक्षा हीच तशी नवी गोष्ट आहे: जेथून आपण ही सबंध पद्धत उचलली त्या इंग्लंडात 1903 च्या कायद्याने 5 शिलिंग भरणाऱ्या कोणालाही परवाना मिळे आणि परीक्षा कसलीच नसे. ती सक्तीची झाली ती 1 जून 1935 पासून. आरंभी परीक्षाकेंद्रे नव्हती, म्हणून परीक्षक उमेदवारांना रेल्वे स्थानकापाशी, बागेपाशी किंवा नगरभवनापाशी गाठ घालून भेटत. ही पद्धत आपल्याकडे आली असती तर स्थानकाबाहेरच्या रिक्षांच्या गराड्यातून गाडी बाहेर काढणे हीच परीक्षा ठरली असती आणि नियम 15 च्या सर्व कलमांचा एका झटक्यात निकाल लागला असता.

माझी फेरी कशी झाली याचे वर्णन करण्याजोगे काही नाही. मी इतक्या वेळा मान हलविली की साहेबांनी, मानेचा काही विकार आहे काय, असे विचारले. नमुना 1-अ जोडलेला आहे असे मी सांगितले. "बास, थांबवा. पुढचा." एवढ्यावर सारे आटोपले. उतरताना मात्र एक विचार मनात आला तो नमूद करतो. त्या चुन्याच्या रेघांमध्ये, त्या मोजक्या मिनिटांत, मी डावी बाजू सोडली नाही, कोणाला भोंगा वाजवून हाकलले नाही, नसलेल्या पादचाऱ्यासाठी गाडी उभी केली आणि रिकाम्या मैदानात वळण्यापूर्वी खूण दिली. आमच्या जिल्ह्यातील बहुधा प्रत्येक परवानाधारकाच्या आयुष्यात अशी मिनिटे एकदाच येऊन गेलेली आहेत. कारण फाटकापाशी मी उभा असताना उत्तीर्ण झालेले उमेदवार एकेक करून बाहेर पडत होते: मघाचे शिरस्त्राण मैदानातच कोणाच्या तरी मस्तकावर राहिले होते, तिघेजण एका मोटारसायकलीवर होते, आणि दुभाजकाला वळसा घालण्यास पुढच्या चौकापर्यंत जावे लागते म्हणून सर्व मंडळी उलट दिशेने निघाली होती. साहेबही त्या वेळी चहाला फाटकापाशी आले होते. परीक्षेची वेळ संपली होती.

अनुत्तीर्ण झालेल्यांनी खचून जाऊ नये. कायद्याने त्यांना सात दिवसांनी पुन्हा हजर होण्याची मुभा दिली आहे. तीन खेपा फुकट गेल्या तर मात्र साठ दिवस थांबावे लागते आणि सुधारणेचे प्रशिक्षण घ्यावे लागते. ते शेतकरी गृहस्थ पुढच्या खेपेस पार पडले, असे मास्तरांकडून कळले. मधल्या आठवड्यात मास्तरांनी त्यांना गाडी शिकविली नाही, केवळ मान हलविण्यास शिकविले आणि हात मांडीवर ठेवण्याची तालीम दिली.

उत्तीर्णांसाठी दोन गोष्टी. अनुज्ञप्तीचे कार्ड टपालाने घरी येते, तेव्हा अर्जात पत्ता नीट लिहावा आणि पोस्टमन येण्याच्या सुमारास कोणीतरी घरी असावे, नाहीतर ते परत जाते आणि मग ते मिळविणे ही निराळीच परीक्षा होते. दुसरी गोष्ट मुदतीची. तिशीच्या आतल्यांना ही सनद चाळिशीपर्यंत पुरते. आमच्यासारख्या पंचावन्न ओलांडलेल्यांना ती 5 वर्षांची मिळते. मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत नूतनीकरणाचा अर्ज केला तर मैदानावर जावे लागत नाही. वर्ष उलटून गेले की पुन्हा तोच कडुनिंब, तोच चढ आणि शेजारी साहेब. तेव्हा कार्ड हाती येताच त्यावरची तारीख पाहा आणि घरातल्या कालनिर्णयवर लिहून ठेवा.